स्वस्त सेंटला चार तास द्या!

हॉस्टेलात कुणी नवा सेंट आणला की त्याचा निकाल किती वेळात लागतो? दहा सेकंदांत! झाकण काढायचं, नाक लावायचं, किंमत बघायची आणि जाहीर करायचं, "अरे, हा तर फिनाईलसारखा वास मारतोय!" आणणारा बिचारा बाटली मुकाट्याने ट्रंकेत टाकतो आणि कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी घरून पैसे मागवून महागडी बाटली घेतो. हा प्रकार मला साफ नामंजूर आहे.

झाडपाल्याचा आणि लाकडाचा वास असलेला एखादा साधा सेंट घ्या, लव्हेंडर आणि वाळ्याचा. बाटलीला नाक लावून त्याची परीक्षा होतच नाही. ती मनगटावर होते. आधी येतो तो स्पिरिटचा भपका. इथेनॉल 78 अंशांना उकळतं. कातडीच्या 32-33 अंशांच्या उबेतही ते बघता बघता उडून जातं. मग पुढे येतं लव्हेंडर. त्यातल्या लिनालूलचा रेणुभार 154. हलका गडी, लवकर दमतो. खरी मजा त्यानंतर! वाळ्यातल्या खुसिमॉलचा रेणुभार 220. हे जड रेणू निवांत उडतात. म्हणून सकाळी नाकाला झोंबणारा सेंट दुपारच्या प्रॅक्टिकलला माठातल्या वाळ्याच्या पाण्यासारखा शांत झालेला असतो.

कुणी म्हणेल, "स्वस्तात खरा वाळा कुठला? सगळं केमिकल!" असेलही. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी केमिकल या शब्दाला नाक मुरडावं? वाळलेल्या गवताचा वास देणारं कुमारिन पर्किनने 1868 साली प्रयोगशाळेत बनवलं. तेच वापरून 1882 साली पॅरिसमध्ये 'फुजेर रोयाल' हा सेंट निघाला आणि अशा वासांचं एक घराणंच सुरू झालं. साध्या माणसाला परवडणारा सुगंध मिळाला तो या रसायनशास्त्रामुळेच.

महागड्या बाटलीत दम नसतो असं माझं म्हणणं नाही. पण तिच्या काचेचे, खोक्याचे आणि जाहिरातीचे पैसेही आपणच भरतो, आणि आपण म्हणजे आपले आईवडील.

तेव्हा सेंट आंघोळीनंतर कोरड्या अंगावर लावा, घामावर नको. मनगटं एकमेकांवर घासू नका. त्याने रेणू मोडत नाहीत, पण ऊब वाढून वरचा गंध लवकर पळतो. कातडी कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा, वास जास्त टिकेल. आणि दुपारी आपल्याला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा फवारू नका. आपलं नाक सरावतं, शेजारच्याचं नाही! त्यालाच विचारा.

शेवटी काय, पहिल्या युनिट टेस्टवरून आपला वर्षाचा निकाल लावलेला आपल्याला चालत नाही. मग सेंटचा तरी का लावायचा?