सफाईलाही शिस्त हवी

लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, जगातील कोणालाही दुरुस्ती सुचविता येते. त्यासाठी पुण्यातील नोकरी लागत नाही की परदेशी पदवी. चंद्रपूर येथे १९९६ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. माहिती तंत्रज्ञानाच्या केंद्रांपासून दूर असलेल्या या भागातील विद्यार्थ्यांसाठी हे खुले दार मोलाचे आहे. मात्र आत शिरताना नवख्याला पहिली ठेच बहुधा सफाईच्या पॅचपाशीच लागते.

अपुऱ्या दर्जाचे ड्रायव्हर कर्नेलच्या ‘स्टेजिंग’ विभागात ठेवले जातात. २००८ पासून हा विभाग नवख्यांची पाठशाळा ठरला आहे. ‘चेकपॅच’ ही तपासणीची आज्ञावली चालविली की चुकलेल्या मोकळ्या जागा, लांबलेल्या ओळी, अनावश्यक कंस यांची यादीच समोर येते. उत्साही विद्यार्थी हे सारे एका बैठकीत सुधारतो आणि शेकडो ओळींचा एकच पॅच पाठवितो. तो परत येतो. एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल असावा, हा तेथील दंडक आहे.

वरकरणी हा काथ्याकूट वाटतो. पण त्यामागे कारणे आहेत. प्रत्येक पॅच कोणीतरी डोळ्यांनी वाचतो. तीनशे ओळींत केवळ मोकळ्या जागा बदलल्या असतील, तर ते काम झटपट होते. त्यांतच एखाद्या तुलनाचिन्हाचा बदल मिसळला, तर तो नजरेतून सहज निसटतो. पुढे बिघाड झाल्यास बदलांचा इतिहास निम्मा-निम्मा करीत दोषी पॅच शोधला जातो. तो सरमिसळीचा असेल, तर नेमकी चूक सापडत नाही आणि पॅच मागे घेताना चांगले कामही वाया जाते. वनविभागाच्या कार्य आयोजनेत जंगलाचे कूप पाडून ठरलेल्या कूपातच तोड होते, त्यामुळे कोठे काय कापले याचा हिशेब लागतो. कर्नेलमधील नियमाचा हेतू वेगळा नाही.

हा प्रश्न विश्वासाचाही आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठविल्याचे उघड झाल्यावर, एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणे थांबविले. जुन्या पॅचचीही फेरतपासणी झाली. मोजक्यांच्या कृत्याचा फटका साऱ्या संस्थेला बसला.

अर्थात, केवळ तुकडे केले म्हणजे काम उपयुक्त ठरत नाही. स्थिरावलेल्या विभागांत निव्वळ सफाई नकोशी असते. तिच्यामुळे जुन्या आवृत्त्यांपर्यंत महत्त्वाच्या दुरुस्त्या नेणे अवघड होते. शिवाय नियमही बदलतात. ओळीच्या लांबीबाबत चेकपॅचची मर्यादा पूर्वी ८० अक्षरांची होती, ती २०२० मध्ये १०० झाली. स्वीकारलेल्या पॅचची संख्या हेच यश मानले, तर विद्यार्थ्याचा अर्ज सजेल, पण तपासणाऱ्यांचे तास खर्ची पडतील.

म्हणूनच महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना पॅच मोजण्याऐवजी वेगळे करण्यास शिकवावे. काय बदलले आणि का बदलले, हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पॅच अजून तोडायचा आहे. ही सवय लागली, तर गडचिरोलीचा विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातील अभियंता एकाच कसोटीवर तपासले जातील. या खुल्या व्यवस्थेतील समानता ती हीच.