‘लूत’ हा एकच रोग नव्हे

पावसाळा सरता सरता विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, टागोर नगरात किंवा पार्कसाइटच्या चढावर केस झडलेले, सतत अंग खाजवणारे एखादे तरी कुत्रे दिसतेच. त्याला पाहून बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो : लूत. उपायही ठरलेले. कोणी गॅरेजमधले जळके ऑइल फासतो, कोणी फिनेल ओततो, कोणी घरातली खाजेची ट्यूब लावतो, तर कोणी ‘याला इथून हलवा’ म्हणून सोसायटीच्या सचिवांकडे तक्रार करतो. लूत कशामुळे झाली, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

लूत हे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नाही. त्यामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात. पहिली खरूज. डोळ्यांना न दिसणारे किडे त्वचेत बिळे करतात. कानांच्या कडा, कोपरे आणि पोट आधी खराब होते आणि खाज इतकी असते की कुत्र्याला झोप लागत नाही. कानाची कड बोटांनी चोळली, तर अनेकदा त्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागतो. ही खरूज एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने पसरते. माणसाच्या अंगावरही त्यामुळे पुरळ उठते, पण हे किडे माणसाच्या त्वचेवर आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाहीत. कुत्रा बरा झाला की हा त्रास सहसा आपोआप थांबतो.

दुसरे कारण डेमोडेक्स. हे किडे निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळांतही थोड्या संख्येने असतात. पिल्लाला ते जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतात. प्रतिकारशक्ती कमी पडली की त्यांची संख्या वाढते आणि डोळ्यांभोवतीचे, तोंडावरचे, पुढच्या पायांवरचे केस जातात. सुरुवातीला खाज फारशी नसते. माणसाला याची लागण होत नाही.

तिसरे कारण गजकर्ण. ही बुरशी असून तिचे चट्टे बरेचदा गोल असतात. ती माणसालाही होते, म्हणून घरात लहान मुले असतील तर विशेष जपावे लागते. चौथे कारण जिवाणू किंवा यीस्ट. पुवाचे फोड, कडेने सोललेली गोल खपली, तेलकट अंग, कुबट वास, काळी पडून जाड झालेली कातडी ही त्याची चिन्हे. हा संसर्ग बहुधा मागाहून येतो. पिसवा किंवा ॲलर्जीमुळे त्वचा आधीच बिघडलेली असते. ते मूळ कारण तसेच राहिले, तर औषध संपताच फोड पुन्हा येतात.

वरवर पाहता हे चारही प्रकार सारखे दिसू शकतात. म्हणून पशुवैद्य पात्याच्या कडेने त्वचा हलकी खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही मिनिटांचे काम. डेमोडेक्स त्यात बहुधा सापडतो. खरजेचा किडा हुकू शकतो, तेव्हा लक्षणांवरून उपचार सुरू करावे लागतात. बुरशीच्या कल्चरला मात्र एक ते तीन आठवडे लागू शकतात.

ही तपासणी टाळण्याची किंमत कुत्रा मोजतो. खाजेच्या अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते. त्याने खाज शमते, पण डेमोडेक्स आणि बुरशी फोफावते. जळके ऑइल कुत्रा चाटतो आणि विष पोटात जाते. ‘खरजेचे इंजेक्शन’ म्हणून सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते, कारण जनुकीय दोषामुळे ते त्यांच्या मेंदूत शिरते. प्रतिजैविके अर्धवट दिली, तर पुढच्या वेळी ती लागू पडत नाहीत. फोड वरवरचे असतील, तर क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने भागू शकते. मात्र तो दहा मिनिटे अंगावर ठेवून मग धुवावा लागतो.

‘भटक्या कुत्र्याला धरणार कोण आणि खर्च कोण करणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पण फ्लुरालेनरसारख्या गोळ्या आता खाण्यातून देता येतात. खरूज आणि डेमोडेक्स या दोन्हींवर त्या परिणामकारक आहेत. त्या स्वस्त नाहीत. वजनानुसार आणि पशुवैद्यांना विचारूनच द्याव्यात, फिट येणाऱ्या कुत्र्याबाबत तर नक्कीच. रोज खाऊ घालणाऱ्या पाच-सहा जणांनी वर्गणी काढली, तर एका कुत्र्याचा उपचार आवाक्याबाहेरचा राहत नाही. परळला मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते प्राण्यांचे रुग्णालय आणि 1886 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नसबंदी आणि लसीकरणासाठी कुत्रे धरले जाते, तेव्हाच त्याची त्वचाही तपासली जावी, असा आग्रह नागरिकांनी धरायला हवा.

कुत्र्याला दुसऱ्या गल्लीत सोडून देणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्याच्या सोबतीच्या कुत्र्यांच्या अंगावर खरूज मागे उरते आणि नव्या गल्लीतही पोहोचते. ज्या मुलांच्या काळजीपोटी त्याला हलवले, त्यांची खाज त्याने थांबत नाही. ती थांबते, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार केले की.