बाकी शून्य!

आधी एक कबुली देतो. आपल्यातले जे कोड लिहून पोट भरतात, त्यांच्या स्क्रीनच्या तळाशी 'आउटपुट' नावाची एक खिडकी असते. प्रोग्रॅम चालताना तिच्यात ओळींमागून ओळी सरकतात आणि आपण ढुंकूनही बघत नाही. प्रोग्रॅम चालतोय ना? मग झालं तर!

मीही त्यातलाच. सोम ते शुक्र आसनगाव लोकलमधली धक्काबुक्की आणि ऑफिसात डब्ल्यूपीएफ, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं २००६ साली आणलेलं डेस्कटॉपचे स्क्रीन बनवायचं तंत्र. त्यातच मुरबाडच्या मामाला खत-बियाण्याच्या दुकानासाठी उधारीचा प्रोग्रॅम करून दिला. फुकट. मामाच तो!

डब्ल्यूपीएफमध्ये स्क्रीनवरचा रकाना आणि आतली माहिती यांची गाठ मारतात. तिला म्हणायचं बाइंडिंग. ही गाठ नुसत्या नावाची, आणि ते नाव शोधलं जातं प्रोग्रॅम सुरू झाल्यावर. नाव चुकलं तरी कंपायलर गप्प, प्रोग्रॅमही पडत नाही. रकाना तेवढा कोरा राहतो. आम्हा शहापूरकरांना हे नवं नाही. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. तोटी चकचकीत, पाणी गायब!

तर त्या शनिवारी मी कोडमध्ये 'बॅलन्स'चं नाव बदललं. स्क्रीनच्या फाइलीत जुनंच राहिलं. बाकीचा रकाना कोरा दिसायला लागला. रात्रीचे अकरा वाजलेले. म्हटलं, बरं दिसत नाही, फॉलबॅक व्हॅल्यू टाकू या. म्हणजे गाठ जुळली नाही तर दाखवायचा आकडा. मी टाकलं शून्य. स्क्रीन एकदम टापटीप!

रविवारी बाईकनं मुरबाडला जाऊन नवी आवृत्ती चढवली. पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक म्हातारे शेतकरी. मामा स्क्रीन बघून म्हणाला, "बाबा, तुमची बाकी काहीच नाही."

"असं कसं शेठ? आवणीच्या टायमाला खत नेलंय ना मी. चार हजार दोनशे आहेत."

मामानं लाल वही उघडली. चार हजार दोनशेच होते. मग माझ्याकडे वळला, "तुझ्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं, तर 'माहीत नाही' म्हणायचं. शून्य कशाला सांगितलं?"

काय बोलणार? लॅपटॉप उघडला. आउटपुटमध्ये सगळं लिहिलेलं होतं : एरर ४०, अमुक नावाची प्रॉपर्टी तमुक ऑब्जेक्टवर सापडली नाही. पत्ता, नाव, गुन्हा, सगळं! दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.

तेव्हापासून माझे नियम सोपे आहेत. ओळ वाचायची. नाव तपासायचं. नाव बरोबर असेल तर डेटा काँटेक्स्ट बघायचा, म्हणजे रकाना भलत्याच ऑब्जेक्टकडे तर माहिती मागत नाही ना. गाठ जुळूनही माहितीच कोरी असेल, तर त्यासाठी टार्गेट नल व्हॅल्यू आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९पासून तर या चुकांसाठी वेगळी खिडकीच मिळते. आणि गाठ जुळली नसेल तिथं शून्य कधीच नाही. पैशांच्या रकान्यात तर नाहीच.

मामाच्या स्क्रीनवर आता अशा वेळी 'वही बघा' असं येतं.

लाल वही मात्र त्यानं अजून टाकलेली नाही. आणि मीही आग्रह करत नाही!