दोन बिले, पण रस्ता एकच!

भिवंडीच्या गोदामाचा माल-हिशेब, मालेगावच्या लूम मालकाचे सुताचे खाते, रत्नागिरीत बसून सांभाळलेली कुवेत-दुबईच्या दुकानाची वही, अशी कितीतरी कामे आता दूरच्या संगणकावर चालतात. टॅली एका गावी, हिशेबनीस दुसऱ्या गावी. मधला दुवा म्हणजे रिमोट डेस्कटॉप. कळ येथे दाबायची, हिशेब तेथे होतो आणि त्याचे चित्र तेवढे आपल्या पडद्यावर दिसते. या सोयीने गाव न सोडता काम करू इच्छिणाऱ्या तरुणांना आणि आपल्या कितीतरी शिकलेल्या मुलींना घरबसल्या हलाल रोजी मिळवून दिली आहे.

परंतु मधली लाइन तुटली की सारे ठप्प. ५० हजार रुपयांवरील मालाच्या वाहतुकीला साधारणपणे ई-वे बिल लागते. बिलाचा हिशेब दूरच्या संगणकात अडकला, तर भरलेला ट्रक दारातच उभा राहतो. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांची मुदत २० तारखेची. त्या दिवशी लाइन गेली, तर विलंब शुल्क व्यापाऱ्याच्याच माथी.

यावर उपाय म्हणून अनेकांनी दुसरे कनेक्शन घेतले आहे. तरीही पहिली लाइन जाते त्या दिवशी नेमकी दुसरीही जाते, अशी तक्रार ऐकू येते. याला नशिबाचा दोष म्हणणे बरोबर नाही. दोन कंपन्यांची दोन बिले येतात, पण दोन्ही तारा एकाच खांबावरून, एकाच गटाराशेजारून येतात. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला कंपन्यांची नावे वाचता येत नाहीत. कुठे दोन्ही यंत्रे एकाच प्लगवर असतात, वीज गेली की दोन्ही विझतात. बिले दोन झाली म्हणून रस्ते दोन होत नाहीत.

ही चूक फक्त लहान दुकानदारच करतात असे नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या कंपनीचे संपूर्ण जाळे बंद पडले. सुधारणेचे काम चालू असताना एका बदलाने जाळ्याचा गाभाच कोलमडला. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. मोबाइल आणि घरचे इंटरनेट या दोन सेवा वेगळ्या दिसत होत्या, पण दोन्हींचा गाभा एकच असल्याने दोन्ही एकदम गेल्या. देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार चालवणारी इंटरॅक ही संस्थाही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, म्हणून दुकानांत कार्डे चालेनात. सर्वांत मोठा धडा पुढेच आहे. दूरवरच्या यंत्रांपर्यंत पोहोचण्याचा कंपनीच्या अभियंत्यांचा मार्गही त्याच जाळ्यातून जात होता. दुरुस्ती करणाऱ्यालाच घरात शिरता येईना. पुढे इंटरॅकने दुसरा पुरवठादार जोडण्याचे ठरवले आणि रॉजर्सने दोन्ही सेवांचे गाभे वेगळे करण्याचे जाहीर केले.

आपल्या व्यापारी बांधवांनी हे शहाणपण नुकसान होण्याआधीच घ्यावे. पहिली गोष्ट, एक लाइन तारेची असेल तर दुसरी बिनतारी घ्यावी आणि तीही वेगळ्या कंपनीची. दोन्ही ताराच घ्यायच्या असतील, तर त्या कोणत्या गल्लीतून आणि कोणत्या खांबावरून येतात हे स्वतः उभे राहून पाहावे. दुसरी गोष्ट, दोन लाइन जोडता येतील असा राउटर घ्यावा आणि एक गेल्यास दुसरी आपोआप सुरू होईल अशी रचना करून घ्यावी. मात्र राउटरने फक्त शेजारचा मोडेम जिवंत आहे का एवढेच पाहून भागत नाही. मोडेमचा दिवा हिरवा असतो आणि पुढे लाइन मेलेली असते. बाहेरच्या एखाद्या दूरच्या पत्त्याकडून उत्तर येते का, हे त्याने सतत तपासले पाहिजे. तिसरी गोष्ट, मोडेम व राउटरला यूपीएस हवाच.

लाइन बदलते तेव्हा आपला इंटरनेटवरील पत्ताही बदलतो, म्हणून रिमोट डेस्कटॉप क्षणभर तुटतो. घाबरू नये. दूरच्या संगणकावरील काम सहसा तसेच उघडे राहते आणि पुन्हा जोडल्यावर तेथूनच पुढे सुरू होते. मात्र जोडणी तुटताच काम बंद करण्याची सूचना त्या संगणकाला दिलेली नसावी, एवढे पाहून घ्यावे.

कामगाराच्या घरी दोन लाइन आणि कार्यालयातील मुख्य संगणकाला एकच, हा प्रकारही सर्रास दिसतो. असे केल्याने काहीच साधत नाही. दोन्ही टोके पक्की हवीत. कार्यालयात दुसरी लाइन मोबाइल सिमची असेल, तर आणखी एक अडचण येते. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही. अशा वेळी कार्यालयातूनच बाहेर जोडणारा व्हीपीएन जाणकाराकडून लावून घ्यावा. सोपे पडते म्हणून रिमोट डेस्कटॉपचे दार इंटरनेटवर उघडे टाकू नये. २०१९ साली ब्लूकीप नावाचा दोष उघड झाला, तेव्हा असे उघडे संगणक पासवर्डाशिवायही ताब्यात जाऊ शकतात हे जगाला कळले.

हे सारे केल्यावर महिन्यातून एकदा, काम कमी असेल तेव्हा, पहिली तार हाताने काढून पाहावी. दुसरी लाइन चालते की नाही हे २० तारखेला कळण्यापेक्षा ५ तारखेला कळलेले बरे.

आता खर्चाचा प्रश्न. दुसरी लाइन म्हणजे दरमहा आणखी काही शे रुपये, ते कोणी द्यायचे? आमचे स्पष्ट मत आहे की हा खर्च मालकाचा आहे. गोदामाला कुलूप लागते, ट्रकला विमा लागतो, त्यातलाच हा खर्च. परंतु काही ठिकाणी उलटे चालते. लाइन गेली की घरून काम करणाऱ्या मुलीचा अर्धा दिवस कापला जातो आणि दुसरी लाइनही तिनेच पगारातून घ्यावी असे सांगितले जाते. ज्या तारेवर तिचा ताबा नाही, त्या तारेची शिक्षा तिला का? ग्राहकाचे काम ही जशी अमानत, तशीच कामगाराची मजुरीही अमानत आहे.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी तो बांधण्यास सांगितले, असे तिर्मिजीत आले आहे. आपला व्यापारी उंट बांधतो, दोरही दोन वापरतो, पण दोन्ही दोर एकाच खुंटीला! खुंटी उपटली की दोन्ही दोर उंटाबरोबर जातात. दुसरा दोर घेतलाच आहे, तर बांधवांनो, दुसरी खुंटीही ठोकावी.