बुटाला कुठलं तेल?

दोस्तहो, गोष्ट साधी आहे. पण तिच्यावरून आपल्या बैठकीत माझं हसं झालं, म्हणून लिहितो.

पावण्याच्या एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रोडच्या आत, एका केमिकल कारखान्यात मी कंत्राटी हेल्पर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील. कंत्राटदार वर्षाला सेफ्टी बुटांचा एक जोड देतो आणि त्याचे पैसे आमच्याच पगारातून कापतो. फरशीवर सोडा सांडतो, ॲसिड सांडतं, वरून पाण्याचा पाइप चालूच. चार महिन्यांत चामडं पापडासारखं होतं. वाकतं तिथं चीर पडते. चिरीतून पाणी आत शिरतं आणि बोटांची सालं निघतात. म्हणून त्या रविवारी बैठकीला येताना बूट पिशवीत घालून आणले. भाषणं चालली होती, मी कोपऱ्यात बसून चिंधीनं एरंडेल चोळत होतो.

आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, ‘रोहिदासाचं पोरगं शेवटी बुटावरच आलं!’

सगळे हसले. मीपण हसलो. खोलीवर गेल्यावर मात्र हसू आलं नाही. त्या हसण्याला हे उत्तर.

आधी तेलाचं बघू. कारण असलेच बूट तुमच्यापैकी निम्म्यांच्या पायात आहेत आणि निम्मे लोक त्यांची वाट लावतायत.

खोबरेल घरात असतं म्हणून सगळे तेच लावतात. वाईट नाही. पण थंडी पडली की गोठतं, चामड्यावर पांढरं येतं. गोडेतेल, मोहरीचं तेल खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं. जवसाचं तर चुकूनही लावू नका. ते हवा लागली की सुकतं आणि त्याचा कडक पापुद्रा होतो. म्हणूनच ते रंगवाल्याला लागतं. लाकडाचा सोयरा, चामड्याचा वैरी. मशीनचं काळं जळकं ऑइल फुकट मिळतं, म्हणून अर्धी शिफ्ट तेच फासते. ते चामड्यात धरून राहत नाही. जळका कचरा आणि लोखंडाची कीट मात्र मागं ठेवतं, आणि तीच पुढं तुमच्या कातडीला लागते. एरंडेल दाट असतं, मुरायला वेळ घेतं, पण सुकून कडक होत नाही. म्हणून मी एरंडेल लावतो.

आजा म्हणायचा, ‘त्याल कोरड्याला नाय, वलीला लावायचं रं.’ म्हणजे बूट आधी ओल्या फडक्यानं पुसून सोडा-ॲसिड काढायचं. सावलीत अर्धवट वाळू द्यायचा. दमट आहे तोवरच कोमट तेल थोडं थोडं चोळायचं. पाणी उडत जातं तशी चामड्याच्या धाग्याधाग्यात त्याची जागा तेल घेतं. उन्हात ठेवायचा नाही, बॉयलरजवळ तर नाहीच. आणि तेल जास्त झालं की चामडं ढिलं पडतं, तळाचा गोंद सुटतो.

आजा शाळेची पायरी चढला नव्हता. मोटेला करंजेल किती आणि कधी पाजायचं हे तो बोटानं दाबून सांगायचा. ज्या विहिरीला त्याचा हात चालत नव्हता, त्याच विहिरीत त्याच्या हातची मोट दिवसभर बुडत होती. मोट बाटत नव्हती, माणूस बाटवत होता!

आता आमच्या कारखान्यात या. तिथं एरंडेलच येतं, पिंपांनी. केटलीत घालून, थंड ठेवून, त्यात सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू सोडतात. मग धुतात, सोड्यानं ॲसिड मारतात. झालं पाण्यात मिसळणारं तेल. टॅनरीच्या ड्रममध्ये ते ओल्या चामड्यात मुरवतात. आजा चिंधीनं करायचा तेच. त्याच्या कामाला लोक घाण म्हणाले, याला फॅटलिकर म्हणतात. लॅबमध्ये पांढऱ्या कोटात कोण बसतं त्याचं आडनाव विचारू नका. केटली धुवायला आत कोण उतरतं त्याचंही विचारू नका. दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनीच सांगितलं ना हे धंदे सोडा म्हणून? सांगितलं. १९२७ ला महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणाले. १९५६ ला नागपूरला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, मेलेल्या ढोराच्या कातड्या-शिंगांचा नफा मोजून दाखवणाऱ्याला त्यांनी ‘मग तुम्हीच ओढा’ असं सुनावलं. त्यातली एक ओळ मी खाली पडू देणार नाही. पण माझ्या समजुतीनं त्यांनी जी फेकून द्यायला सांगितली ती लाचारी होती, सक्ती होती. डोक्यातली अक्कल फेका असं ते कुठं म्हणाले? स्वतः तर जगभरची अक्कल गोळा करत फिरले.

आणि १९३६ ला त्यांनी आणखी एक सांगून ठेवलंय. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे. महारानं ओढायचं, ढोरानं कमवायचं, चांभारानं शिवायचं, मांगानं दोर वळायचा, आणि प्रत्येकानं आपल्या खालच्याला हसायचं. त्या रविवारी बैठकीत जे हसू फुटलं ते हेच. निळ्या झेंड्याखाली बसून मनू हसला, दोस्तहो!

दुसऱ्या बाजूला परंपरावाले आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा कबूल केलं. इकडं लगेच ‘आमची कला, आमची संस्कृती’ म्हणून गळे काढणारे निघाले. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ ला मिळालंय. पण ती चप्पल शिवणाऱ्याला तुमच्या वाड्याचा उंबरा कुठल्या साली मिळाला? चप्पल तुमची संस्कृती, आणि शिवणारा? या लोकांच्या कौतुकासाठी पुन्हा आरी-रापी हातात घ्या असं मी मेलो तरी म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच. माझ्या पोरानं बूट शिवत बसू नये. त्यानं तेलाचं रसायन शिकावं, लॅबच्या खुर्चीवर बसावं आणि माणूस केटलीत उतरवायच्या कागदावर सही करायला नकार द्यावा. आणि ती खुर्ची मिळेपर्यंत आपण गेटवर मागू: बूट फुकट, वर्षाला दोन जोड, पगारात कपात नाही. हे भाषणाच्या ठरावात घाला. क्रांतीच्या खाली, पण घाला. फाटक्या बुटानं मोर्चा लांब जात नाही.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी बूट आणा. एरंडेलाची बाटली मी आणतो. जो हसला होता त्यानं पहिल्यांदा चोळायचं. माझे नको, स्वतःचेच.

जयभीम!