संशयितालाही बोलू द्या!
(द्वितीय वर्ष, कला)

“गुन्हेगाराला कसले आले हक्क? चार फटके द्या, खरे आपोआप बाहेर येते!” एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर हे वाक्य आपण सारेच ऐकतो. मीही ते म्हणत असे. आता म्हणवत नाही. त्याचे कारण आपल्याच तालुक्यात आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे पोहोचले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोहोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण गेले. ते कोणत्याही टोळीचे नव्हते.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ती अफवा आमच्या घरीही आली होती. मायने मला चार दिवस अंगणाबाहेर जाऊ दिले नाही. घरात शिकलेले कोणी नाही. खरे-खोटे कोणाला विचारणार? आम्हीही विश्वास ठेवला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत एखादा झोळीवाला आला असता तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

जमावाला अक्कल नसते, पण न्यायालयाचे काय? तेथेही चूक होते. जालना जिल्ह्यातील २००३ च्या एका खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशीची शिक्षा दिली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार बाईने पोलिसांकडील छायाचित्रांवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते! फाशी आधीच झाली असती तर तो निकाल कोणाला वाचून दाखविणार होतो? आणि ज्यांच्या घरी खून पडले, त्यांना तरी कोणता न्याय मिळाला?

मित्रहो, आरोपीचे हक्क म्हणजे गुन्हेगाराचे लाड नव्हेत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कॉट खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गरीब कैद्याला अपिलासाठी वकील फुकट द्या, निकालाची प्रत वेळेवर द्या. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांचे हाल मांडले, तेव्हा १९८३ साली स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्यांचा आदेश झाला. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची नोंद करणे आणि नातेवाइकांना कळविणे सक्तीचे केले. या साऱ्यांचा अर्थ एकच : शिक्षेआधी ऐकून घ्या.

राईनपाड्याला एवढेच झाले नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. उद्या गावात अशी अफवा आली, तर लोक आपल्या तोंडाकडे पाहतील. तेव्हा कलमे पाठ नसली तरी चालेल. “आधी त्याला बोलू तर द्या,” एवढे म्हणण्याचे धैर्य आपल्यात हवे. नाहीतर ही पदवी भिंतीवर टांगण्यापुरतीच!