एका बाइकवर किती क्रेट?



22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. तेव्हापासून जेटीवर जाळी दुरुस्त करता करता एकच विषय चालतो: कुठली गाडी घ्यायची? पोरांना दीडशे-दोनशे सीसीची हवी, बापाला शंभरचीच बरी वाटते. आमचं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या धंद्याला शंभर-सव्वाशे सीसीची गाडीच बरी. पण तिला टेम्पो समजणं आता थांबवायला हवं.

छोट्या इंजिनाशी आपलं नातं जुनं आहे. आधी सायकलच्या कॅरियरवर पाटी, मग लुना, मग एम-80. एम-80 चं इंजिन नावाप्रमाणे 80 सीसीसुद्धा नव्हतं, तरी तिच्यावर कित्येक मासळीवाल्यांनी पोरांची शिक्षणं केली. 1985 साली सीडी 100 आली, 1994 साली स्प्लेंडर. आज पहाटे जेटीवर जाऊन बघा, याच घराण्यातल्या गाड्या आणि एक्सएल रांगेत उभ्या दिसतील.

याला कारणं आहेत. लिटरला पन्नास-पंचावन्न किलोमीटर आरामात मिळतात. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार देऊन हातात थोडंच उरतं, तेव्हा हे लहान नाही. गाडी जेमतेम 110-115 किलोची, त्यामुळे रेतीत रुतली तर एकटा माणूस ओढून काढतो. वाड्यावरच्या दोन घरांमधल्या वाटेतून ती जाते. क्लच वायर तुटली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक दहा मिनिटांत बदलून देतो. मोठ्या गाडीचा एक पार्ट यायला आठवडा लागला तर तेवढे दिवस बाजार कोण गाठणार?

आता दुसरी बाजू.

आपण दर्यावरची माणसं. होडीत माल जास्त झाला की काठ पाण्याजवळ येतो आणि तांडेल ओरडतो, "बस झालं!" बाइकला असा काठ नसतो. दोन क्रेट टाकले, ओढते. तिसरा टाकला, तरी ओढते. म्हणून आपल्याला वाटतं, चालतंय. पण शंभर सीसीची गाडी साधारण आठ हॉर्सपॉवरची, आणि तिच्यावर एकूण भार 130 किलोच्या आसपासच चालतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, एकदा काढून वाचा. त्यात चालवणाराही धरलेला असतो. माणूस 70 किलोचा, बर्फासकट भरलेला एक क्रेट 30-35 किलोचा. दुसऱ्या क्रेटलाच हिशेब संपला. तिसरा क्रेट किंवा मागे बसलेली काकी, दोन्हींना जागा नाही.

आणि खरी अडचण ओढण्याची नाहीच, थांबण्याची आहे. बऱ्याचशा छोट्या गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली, पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्या त्याआधीच्या आहेत. कॅरियरवरचं ओझं मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात राहत नाही. वेग 40 वरून 60 केला तर ब्रेक लावल्यावर थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं. त्यात रस्ता ओला आणि क्रेटमधून मासळीचं पाणी टायरवर गळतंय.

गेल्या वर्षी बंदीच्या आधी आमच्यातलाच एक मुलगा तीन क्रेट बांगडे घेऊन पहाटे निघाला. उतारावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला तसं मागचं चाक सरकलं. खांद्याचं हाड मोडलं, माल रस्त्यावर, आणि हंगामाचे शेवटचे दिवस घरात बसून गेले. तिसऱ्या क्रेटचे जेवढे पैसे मिळणार होते, त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात गेले.

मालिमच्या जेटीवरून पणजीच्या बाजारात जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. अटल सेतूवर दुचाकीला मनाई, त्यामुळे जुन्या पुलांवरून जावं लागतं. पावसाळी वाऱ्यात भरलेल्या क्रेटसकट हलकी गाडी बाजूला ढकलली जाते आणि शेजारून बस निघते. तिथे मायलेज कामाचं नाही. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायला गेलात तर आठ हॉर्सपॉवर अर्ध्या वाटेवर संपते.

मग मोठी गाडी घ्यायची का? ज्याला रोज लांबचा हायवे आहे त्याने जरूर विचार करावा. पण मोठ्या गाडीलाही भाराची मर्यादा आहेच, आणि खारं पाणी तिलाही सोडत नाही. नुसत्या इंजिनासाठी कर्ज काढू नका.

आमचं म्हणणं एवढंच:

एका फेरीत एकच क्रेट, कॅरियरवर पुढे सरकवून घट्ट बांधलेला. जास्त माल असेल तर तिघा-चौघांनी मिळून टेम्पो करा, भाडं वाटून घ्या. जेटीवरून घरी आलात की गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेनला ऑइल द्या, स्पोक आणि ब्रेकचा रॉड बघा, कारण मीठ आधी तिथेच खातं. 1 जून ते 31 जुलै बंदीत आपण होडी वर ओढून रंगवतो, जाळी शिवतो. त्याच दिवसांत गाडीचे ब्रेक शू आणि टायर बदलून घ्या. आणि हेल्मेट हँडलला अडकवायचं नसतं.

होडी बुडू नये म्हणून आपण माल परत दर्यात टाकतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही. मग जेटीवर एक क्रेट मागे ठेवायला का वाटावी?

तुमच्या जेटीवर टेम्पो वाटून घेण्याची सोय कशी करता येईल, खाली लिहा. पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत.